किटली गप्प झाली

"आपल्या सर्व्हरवर परवानगीशिवाय चिटपाखरूसुद्धा फिरकत नाही!" असं जावईबापू येईल त्या पाहुण्याला ऐकवायचे. चपलांच्या कपाटावर त्यांच्या सर्व्हरचा तो डबा अहोरात्र गुरगुरत असे. घरातले फोटो, दारावरचा कॅमेरा, सगळा कारभार त्याच्यावर.

त्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सहज तपासणी केली आणि उडालेच! सर्व्हरला आत शिरायला हजारो वाटा असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. त्यातल्या भलत्याच एका पोर्टवर कुणीतरी रोज येत होतं. सकाळी एकदा, दुपारी एकदा. यायचं, इवलंसं काहीतरी टाकायचं आणि पसार!

"चोर आहे, चोर! टेहळणी चाललीये!" जावईबापूंनी ते पोर्ट तडकाफडकी बंद केलं आणि मिशीत हसत पेपर वाचत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको स्वयंपाकघरातून किंचाळली, "अहो, दिवा लागला नाही! बाबांनी अजून चहा केला नाही!"

"कसला दिवा?"

ती ऐकायला थांबतेय कुठे! एकट्या राहणाऱ्या बाबांना तिने फोनवर फोन लावले. उचलेनात. शेवटी त्यांच्या शेजारच्या सुतारकाकांना रडत म्हणाली, "काका, दार फोडा!"

गाडीत ती हुंदके देत बोलत होती. "दादाने बाबांच्या विजेच्या किटलीला यंत्र बसवलंय. किटली लावली की आपल्या सर्व्हरला निरोप येतो आणि माझा दिवा लागतो. तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं! तुम्ही 'हं' म्हणालात!"

जावईबापूंचा पाय ब्रेकवर गेला. "अगं, ते पोर्ट..."

"गाडी चालवा!"

पोचले तेव्हा दार आडवं पडलेलं. सासरे टॉवेल गुंडाळून उभे, डोक्यावर साबणाचा फेस! आंघोळीसाठी कानातलं यंत्र काढलेलं, त्यामुळे फोन ऐकूच आला नव्हता.

यंत्र कानात चढल्यावर लेकीने विचारलं, "बाबा, चहा का नाही केलात?"

"केला की! चांगला दोन कप प्यायलो!"

"मी ते पोर्ट बंद केलं," जावईबापू पुटपुटले. "मला चोर वाटला."

मग सगळं सांगावंच लागलं. सासरे किटलीकडे बघत राहिले. "म्हणजे मी चहा कधी पितो ते तिकडे कळतं? आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही?" लेकीची मान खाली गेली. जावईबापूंना तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सासऱ्यांनी किटलीची वायर गुंडाळली आणि ती जावयाच्या हातात ठेवली.

"घेऊन जा. तुम्हीच वापरा. तुम्ही 'हं' म्हणता तेव्हा जागे असता की नाही, ते पोरीला निदान कळेल तरी!"