कोळपे सरांचं अर्धं वाक्य

कोळपे सरांचे किस्से मी लोकांना खूप सांगितले आहेत. हसू येईल तेवढेच. उरलेलं सांगायचं वर्षानुवर्षं टाळत आलो. आता वय झालं. टाळायलाही ताकद लागते.

नव्वदच्या दशकात यवतच्या आमच्या शाळेत सर इंग्रजी शिकवायचे आणि मी मुख्याध्यापक होतो. या माणसाला अर्धं वाक्य सहन होत नसे. सकाळी कासुर्डीच्या थांब्यावर एसटीत चढलेले सगळे 'एक यवत' म्हणायचे. सर म्हणायचे, "मला यवतचं एक तिकीट द्या." कंडक्टर हात जोडायचा. "सर, तुमचं वाक्य संपंस्तवर यवत येतंय!"

वर्गात तर विचारू नका. एका पोराला यायला उशीर झाला. त्यानं इंग्रजीत कारण दिलं, "बिकॉज द बस वॉज लेट."

"मग? पुढं काय?" हे सरांचं पालुपद.

"पुढं काय न्हाई सर. आलो."

"ते यात कुठं हाय? बस लेट होती म्हणून काय झालं? कुणाचं लगीन मोडलं?"

पोरगं तास संपेपर्यंत दारात उभं राहून वाक्य पूर्ण करत होतं.

फ्रेज आणि फ्रॅगमेंट यांतला फरक म्हणजे सरांचा जीव की प्राण. त्यांच्या वडिलांनी मेंढरं राखली होती, सरही लहानपणी कळपामागं हिंडलेले. व्याकरणही त्याच वाटेनं जायचं. "'इन द फील्ड' ही फ्रेज. कळपातलं मेंढरू. वाक्यात आपल्या जागी गप चालतंय. त्याचंच पहिलं अक्षर कॅपिटल करा, मागं फुलस्टॉप ठोका, झालं फ्रॅगमेंट, अर्धं वाक्य! एकटंच निघालं, आन् म्हणतंय मीच कळप." मग फळा पुसता पुसता हळूच म्हणायचे, "पण त्याला टाकून यायचं न्हाई. हुडकून आणायचं."

मी सरांची नक्कल फार चांगली करायचो. शिक्षकांच्या खोलीत तिला मागणी असायची.

एकदा सहामाहीत शाळा समितीच्या अध्यक्षांच्या नातवाला इंग्रजीच्या प्रश्नोत्तरांत शून्य मिळालं. उत्तरं बरोबर, पण सगळी तुटकी. अध्यक्षांना आम्ही आप्पा म्हणायचो. झेंडूनं भरलेला टेम्पो फाटकात उभा करून आप्पा ऑफिसात आले.

"हेडमास्तर, प्रश्न काय, शेतकरी कुठं गेला? पोरानं लिवलं, शेतात. मग काय चंद्रावर लिवायचं व्हतं? हा मास्तर हलवा, न्हाईतर..."

आप्पांनी वाक्य पूर्ण केलं नाही. मला पूर्ण कळलं. माझी खुर्ची नवी होती. सरांची बदली शिक्रापूरच्या शाखेत करावी, असं मी संस्थेला कळवून टाकलं.

बदलीची ऑर्डर आली त्या दिवशी सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. बोटांना खडू तसाच होता. "साहेब, शिक्रापूरला दोन गाड्या बदलून जावं लागेल. घरी बायको आहे. मी नसलो की तिला..." आणि थांबले.

मला पुढचं ऐकायचं नव्हतं. ऐकलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. मी थेट त्यांचाच आवाज काढला, "मग? पुढं काय? फ्रॅगमेंट झालं सर. पूर्ण करून या."

शेजारी बसलेला क्लार्क पोट धरून हसला. सरही हसल्यासारखे झाले. "खरंय साहेब, चुकलं," म्हणाले आणि गेले. पूर्ण करायला परत आले नाहीत.

काही वर्षांनी त्यांची पत्नी वारल्याचं कळलं. मी कासुर्डीला भेटायला गेलो. सर पाहुण्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेले होते. ओट्यावर शेजारच्या मावशी बसल्या होत्या. त्यांनीच सांगितलं.

"लकव्याचा झटका आल्यापास्नं वहिनींचं बोलणं गेलं व्हतं. 'पानी', 'ऊन', 'तिकडं', एवढंच निघायचं. 'तिकडं' म्हंजी कवा खिडकी, कवा कूस बदलायची. सरांना बरूबर कळायचं."

"सर टोकायचे नाहीत?"

"टोकत्यात कशाला? एका शब्दाला उठायचे. यवतला व्हते तवा मधल्या सुट्टीत मिळंल त्या गाडीनं घरी यायचे. मग लांब बदली झाली. दिवसभर आमी बसायचो वो, पण आमाला काय कळंना. त्या 'तिकडं' म्हणायच्या, आमी पानी पाजायचो. मग त्या बोलायच्याच थांबल्या. सर आले तरी न्हाई बोलायच्या."

तेवढ्यात सर आले आणि माझ्याशेजारी बसले. शाळेची, पोरांची चौकशी केली. मावशी आत गेल्यावर मी म्हणालो, "सर, त्या दिवशी ऑफिसात मी..."

मला वाटलं, आता हे विचारतील, मग? पुढं काय? विचारलं असतं तर सगळं सांगून टाकलं असतं.

सरांनी विचारलं नाही. माझ्याकडे क्षणभर पाहिलं, उठले आणि तांब्याभर पाणी आणून माझ्या हातात दिलं.

मी पाणी प्यायलो, "येतो सर," म्हणालो आणि निघालो.

थांब्यावर उभं राहून मी ते वाक्य जुळवलं. 'सर, तुम्हाला त्या दिवशी मी बोलू दिलं नाही, मला माफ करा.' कुठं काही राहिलं नव्हतं. घर हाकेच्या अंतरावर होतं. पण एसटी आली. मी चढलो, आणि कंडक्टरला म्हणालो, "एक यवत."