जाधव अण्णांची जेवणमोजणी

उशिरा आलेल्या माणसाची सबब जाधव अण्णा स्वतः कधी ऐकून घेत नसत. ते त्याला भिंतीवरच्या घड्याळासमोर उभे करत. “मला काय सांगतेस, अक्का? त्याला सांग. वाट ते बघत होतं.” मग आपण त्या पांढऱ्या तबकडीला हळू आवाजात आपली कहाणी सांगायची आणि अण्णांनी मान तिरकी करून घड्याळाचे म्हणणे ऐकायचे. “सरी, बरं,” ते शेवटी म्हणत, “त्याला पटलं नाही.” आणि वहीत लाल रेघ पडे.

यशवंतपुरातल्या आमच्या कारखान्यात बॉयलरवर बसवायचे दाबमापक तयार होतात. त्यांच्या तबकड्यांवरच्या बारीक रेघा तपासणे हे माझे काम; माणसांच्या येण्याजाण्याची नोंद ठेवणे हे अण्णांचे. त्यांचे घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी बंगळुरात आलेले. त्यांची मराठी जुन्या तांब्याच्या भांड्यासारखी होती: कन्नडच्या चुलीवर बाहेरून काळवंडलेली, आतून लखलखीत. मी बेळगावकडची, त्यामुळे ती मला परकी वाटली नाही. फक्त त्या वहीतल्या सर्वांत जास्त लाल रेघा माझ्या नावापुढे होत्या.

त्याला कारण होते दुपारचे. आमची जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. आई आणि मी कारखान्यामागच्या तिसऱ्या गल्लीत राहत होतो. त्या वर्षी तिची दृष्टी जवळजवळ गेली होती, हात कापत होते आणि दुसऱ्या कुणी भरवले तर ती तोंड उघडत नसे. एकची घंटा झाली की मी धावत घरी जाई, तिला भरवी आणि आठ-नऊ मिनिटे उशिरा परते. घड्याळाला मात्र ‘रस्त्यात गर्दी होती’ एवढेच सांगे. घरातले दुःख भिंतीला तरी का ऐकवावे? दोन लेखी समज मिळाल्या होत्या. तिसरी मिळाली की नोकरी जाणार, हे ठरलेले होते.

त्याच सुमारास, नोव्हेंबरात, कामगारांनी जेवणाची सुट्टी वाढवून मागितली. मालक अण्णांना म्हणाले, “अर्धा तास पुरतो की नाही, ते तुम्हीच बघून सांगा.” बघून सांगा! दुसऱ्या दिवशी अण्णा गळ्यात स्टॉपवॉच अडकवून जेवणघरात हजर.

“मी इथं नाहीच असं समजून जेवा,” असे म्हणत ते एकेकाच्या डोक्यावर उभे राहू लागले. चिंचगुळाच्या सांबाराचा आणि नाचणीच्या वाफाळत्या मुद्दे-गोळ्यांचा वास, त्यात हातांना चिकटलेला पितळेचा वास. त्या सगळ्या दरवळात एक विलक्षण संथपणा पसरला. एरवी चार घासांत डबा संपवणारा लेथवरचा बसवराज मोसंब्याची एकेक शीर सोडवत बसला.

“बसण्णा, मोसंबं सोलतोयस की ऑपरेशन करतोयस?”

“घाई केली तर पचत नाही, अण्णा.”

“काल पचलं होतं की!”

“कालचं अजून पचतंय.”

पॅकिंगमधली गिरिजक्का दहीभातातली मोहरी वेचून झाकणावर रांगेत मांडू लागली. अण्णा गंभीरपणे लिहीत गेले: मोसंबे, बारा मिनिटे; मोहरी, नऊ.

शनिवारी त्यांनी वही मिटली. “ही तर नाटक कंपनी झाली. मालक वाचून हसतील आणि अर्धा तासच कायम करतील. एक तरी खरं जेवण पाहिजे.” मग त्यांची नजर माझ्यावर थांबली. “अक्का, तू कुठं जेवतेस? तुझा डबा कधी बघितला नाही.”

सोमवारी मी घराकडे धावले, तेव्हा माझ्यामागे अण्णाही धापा टाकत येत होते.

“कोण आलंय गं?” आईने पावले ओळखत विचारले.

“ऑफिसातले आहेत. जेवण मोजायला आलेत.”

“मोजू दे. मीठही बघ म्हणावं.”

मी मऊ भातात वरण आणि तूप कालवले. आई प्रत्येक घास जिभेने टाळूवर दाबून, जणू त्याचा आकार पाहून, मग गिळे. मध्येच थांबून विचारी, “आज ऊन कसलं आहे?” मी “कोवळं आहे, लिंबाच्या सालीसारखं,” असे काही सांगितल्याखेरीज पुढचा घास घेत नसे. अण्णा जमिनीवर मांडी घालून बसले होते. तिला ठसका लागला तेव्हा पाण्याचा तांब्या माझ्याआधी त्यांनी उचलला.

“जाऊन-येऊन एकोणचाळीस मिनिटं होतील,” बाहेर आल्यावर ते म्हणाले. “आणि तुझं?”

“माझं काय?”

“तुझं जेवण, अक्का. ते मी कुठं लिहू?”

कैक महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, मीही नाही.

अण्णांनी मोसंब्या-मोहरीची सगळी पाने फाडून टाकली. मालकांकडे एकच पान गेले: ‘एका आजारी व्यक्तीस भरवून स्वतः जेवण्यास एक तास लागतो.’ मालकांनी सही केली. दुपारी एक तास सुट्टी आणि संध्याकाळी साडेपाचऐवजी सहाला कारखाना सुटणार. त्यानंतरच्या पहिल्या दुपारी मी आईशेजारी ताट घेऊन बसले. वरणाला हिंगाचा वास असतो, हे मला नव्याने कळले.

आठवड्याने मी अण्णांसाठी चकल्या केल्या. पीठ आईने बोटांनी चाचपून ठरवलेले. सहाला फाटकाशी गेले. तिथल्या कपाटात सगळ्यांचे फोन दिवसभर कुलपात राहत, नियम अण्णांचाच. अण्णा आपला फोन कानाशी धरून उभे होते. त्यातून एका मुलीचा नोंदवून ठेवलेला निरोप ऐकू येत होता: “अप्पा, आजही उचलला नाहीत. माझी सुट्टी संपली. सूप आणि ब्रेड खाल्ला. तुम्ही चहा घेतलात ना?”

“मुलगी,” ते मला म्हणाले. “जर्मनीत असते. तिकडं एक वाजला की इकडं साडेपाच. जेवणाच्या सुट्टीत रोज फोन करायची. साडेपाचला सुटलो की बसस्टॉपवर उभा राहून बोलायचो. घरी गेल्यावर बोलायला आता कोण आहे?”

माझ्या हातातला डबा एकदम जड झाला. “अण्णा, आता तुम्ही तिला लावा ना.”

“आता ती कामावर. तिची सुट्टी अर्ध्याच तासाची.” ते हसले. “तिकडंही कुणी अण्णा असेलच की.”

“मग तुम्ही तुमचा फोन तरी आत…”

“नियम सगळ्यांना, अक्का. डब्यात काय आहे?”

“आईनं पाठवल्यात.”

त्यांनी एक चकली घेतली. फोनवर निरोप नोंदवायचे बटण दाबले आणि म्हणाले, “जेवलीस, बरं केलंस. मीही खातोय. ऐक.” मग फोन अगदी ओठांशी धरून त्यांनी चकली कडकन मोडली आणि पूर्ण संपेपर्यंत, सावकाश, चावत राहिले.