तात्या बसले!

"तात्या बसले" अशी बातमी आली की आमचं निम्मं गाव आपापली पापं आठवायला लागायचं.

तात्या बौद्धवस्तीतले. सत्तरी ओलांडलेले, काखेत पोत्याचं बारदान. कुठं अन्याय दिसला की तिथं बारदान अंथरायचं आणि गप्प बसायचं. घोषणा नाही, शिवी नाही. विचारलं तर एकच शब्द, "बसलोय." तरुणपणी ते असेच गावातल्या हॉटेलासमोर दीड महिना बसले होते, कारण त्यांच्या माणसांचे चहाचे कप वेगळे, बाहेरच्या फळीवर असायचे. अंगावर खरकटं पाणी टाकलं तर म्हणाले, "आजून टाका, ऊन लई हाय." शेवटी ती फळी निघाली. पुढं पाणवठाही तसाच खुला झाला, एक दगड न उचलता. नव्वद साल उलटलं तरी सवय गेली नाही. बारामती-इंदापूर एसटी गावात थांबेना, तर हे रस्त्यात बसले. आता थांबते.

मी हायस्कुलात मराठीचा मास्तर. दरवर्षी शाळेत तात्यांवर अर्धा तास भाषण ठोकायचो. पोरं जांभया द्यायची, पण मी हटायचो नाही.

तर एका रविवारी सकाळी बायको ओरडली, "अहो, तात्या आपल्या दारात बसलेत!"

मी पळत बाहेर गेलो. "तात्या, काय चुकलं?"

"काय न्हाय. बसलोय."

म्हणजे नक्कीच मोठं काहीतरी! मी लुंगी खोचली आणि रस्त्यावर सोडलेलं मोरीचं पाणी परसात वळवलं. तात्या बसलेलेच. मग विजेच्या तारेवर टाकलेला आकडा काढला. ऐन रंगात आलेली मॅच बंद पडली, बायकोनं कपाळाला हात लावला. तात्या तसेच. शेवटी सरपंचांच्या पुतण्याला वाढवून दिलेले सात मार्कही कबूल करून टाकले.

"बरं," तात्या म्हणाले.

आता एकच उरलं होतं. गोठ्याच्या कोनाड्यात आईच्या वेळचा एक कान तुटका कप होता. कुणासाठी, ते सांगायला नको. आई जाऊन आठ वर्षं झाली, मी भाषणं करत होतो आणि कप तिथंच होता. टाकायचं राहून गेलं, अशी मी स्वतःची समजूत घालायचो. तो आणला आणि त्यांच्यासमोर दगडावर फोडला. लाज वाटली. अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ठावं हुता की मला त्यो," तात्या म्हणाले. "पर मास्तर, तुमी सकाळपासनं चालवलंय काय ह्ये?"

"मग तुमची मागणी तरी काय आहे?"

"मागणी? आवं, बसायला आलोय! चार घटका, गप्पा मारायला. म्हातारी गेल्यापासनं घर खायला उठतंय. पोरगा पुण्याला. कुणाच्या दारात गेलो की लोक गटार साफ कराय पळत्यात. आत या म्हणत न्हाय कुणी."

अकरा वर्षं भाषणं ठोकली, पण हे दोन शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नव्हते. मी मराठीचा मास्तर!

"आत या, तात्या."

गुडघे धरत उठले, आत येऊन खुर्चीवर टेकले. बायकोनं आमच्या रोजच्या कपबशीत चहा दिला. बराच वेळ ते कप नुसता हातात धरून होते.

"तात्या, गार होतोय."

"हू द्या," ते हळूच म्हणाले. "संपला की उठावं लागंल."