सरळ ठेवलेली निळी बादली

एखाद्या गोष्टीबद्दल ठाम मत बनवायचं असेल, तर ती गोष्ट पाहिलेली नसणं फार सोयीचं पडतं. पाहिल्यावर माणूस 'तसं म्हटलं तर' अशी सुरुवात करू लागतो आणि चर्चेच्या दृष्टीने कामातून जातो. हे ओळखूनच 'धूसर कक्षा' या अजून बाजारात न आलेल्या व्हिडिओ गेमच्या कथेचा गाभा निश्चित करण्यासाठी 'धूसर कक्षा पूर्वानुमान मंडळ' स्थापन झालं. मंडळाचे अध्यक्ष एक दंतवैद्य होते.

मंडळ इंटरनेटवर भरत असे. सदस्य एकमेकांना टोपणनावाने ओळखत (खऱ्या नावाने ओळख झाली की मतभेदांत सभ्यपणा शिरतो). अभ्यासाचं साहित्य म्हणजे गेम कंपनीने दाखवलेला दीड मिनिटाचा ट्रेलर. त्यात एक अंतराळवीर निर्मनुष्य अंतराळ स्थानकात शिरतो, अंधाऱ्या बोळातून चालत जातो, एक दार उघडतो, आणि आत कोपऱ्यात एक निळी बादली ठेवलेली दिसते. ट्रेलर संपतो. या मजकुरावर मंडळाने तोवर जे लेखन केलं होतं ते वाचायला कंपनीच्या लोकांना गेम बनवण्याहून जास्त वेळ लागला असता.

बादलीवरून मंडळात दोन पक्ष पडले. पहिला गळती पक्ष, त्याचे प्रणेते स्वतः डॉक्टर. त्यांचं म्हणणं असं, की बादली कोणीतरी विसरलेली आहे, म्हणून कथा विस्मरणाची आहे. नायकाच्या स्मरणशक्तीला गळती लागली आहे आणि शेवटी तो स्वतःचं घरही विसरणार. दुसरा प्रतीक्षा पक्ष. तो 'काळोखी' या टोपणनावाच्या एकाच सदस्यावर उभा होता, पण पुरेसा होता. काळोखीने एका ओळीत लिहिलं होतं, 'विसरलेली बादली आडवी पडलेली असते. सरळ ठेवली आहे म्हणजे ठेवणारा परत येणार आहे. कथा वाट पाहण्याची आहे.' एक तिसरं मतही होतं, की बादली ही बादली आहे. ते मांडणाऱ्या सदस्याला एकमताने काढून टाकण्यात आलं.

डॉक्टर आपला सिद्धांत दवाखान्यातही मांडत. खुर्चीत आडव्या झालेल्या रुग्णांपैकी शंभर टक्के रुग्णांनी त्याला संमती दिली. (त्या वेळी त्यांच्या तोंडात आरसा, कापूस आणि डॉक्टरांची दोन बोटं होती, पण मान हलली हे नाकारता येणार नाही.) घरी परिस्थिती वेगळी होती. बायको शाळेत भूमिती शिकवायची, सिद्धता असल्याशिवाय ती काही ऐकून घेत नसे. राहता राहिल्या सासूबाई. त्या मुलीकडे राहायला आल्यापासून दिवाणखान्यात हिरव्या स्टुलावर पाय ठेवून टॅब्लेटवर काहीतरी वाचत बसत. त्यांच्याशी डॉक्टर अदबीने दोनच वाक्यं बोलत, 'आई, गुडघा कसा आहे?' आणि 'आई, चहा घेतलात?' दोन्हींचं उत्तर 'आहे आपलं' असं येई.

म्हणजे उलट बोलणारं असं डॉक्टरांच्या आयुष्यात एकच माणूस होतं, ते म्हणजे काळोखी. साहजिकच ते माणूस कोण असावं याचा त्यांनी शास्त्रशुद्ध छडा लावला. काळोखी स्वतःचा उल्लेख नेहमी 'आम्ही' असा करी, त्याअर्थी मागे संघटना होती. ऐन वादात 'शिट्टी झाली, थांबा' असं लिहून गायब होई, त्याअर्थी पेशा मैदानावरचा होता. आणि 'गुडघ्यामुळे आज एवढंच' हेही वारंवार येई. तिन्ही धागे जुळवल्यावर निष्कर्ष अटळ होता. काळोखी हा तापट, तरुण फुटबॉल रेफरी होता, पायाला दुखापत झालेला, आणि रेफरींच्या संघटनेचा पदाधिकारी. डॉक्टरांना त्याच्याबद्दल थोडी सहानुभूतीही वाटू लागली. एवढ्या लहान वयात गुडघा जाणं वाईटच.

सहानुभूती वादात फार टिकत नाही. एकदा काळोखीने 'अध्यक्षांनी बादली कधी भरलेली दिसत नाही, उचललेली तर नाहीच' असं लिहिलं आणि डॉक्टरांचा तोल गेला. त्यांनी तिथल्या तिथे ठराव मांडला, की गेम आल्यावर ज्याचा सिद्धांत खोटा ठरेल त्याने मंडळ सोडावं आणि त्याचं सगळं लेखन पुसून टाकावं. काळोखीने उत्तर दिलं, 'आम्हाला मान्य.' मग शिट्टी झाली.

कंपनीने गेम पुढे ढकलायचं धोरण मोठ्या निष्ठेने पाळलं होतं, त्यामुळे ठराव निर्धोक होता. पण कंपनीत कोणीतरी बेजबाबदार माणूस आला आणि त्याने सांगितलेल्या तारखेला गेम तयार केला.

तारीख जाहीर झाली तेव्हा मंडळात सुतकी शांतता पसरली. डॉक्टरांची तर अन्नावरची वासना उडाली. हरलो तर मंडळ सुटणार, हे दुःख होतंच. पण एका दुपारी कोणाच्या तरी दाढेत रूट कॅनाल करताना त्यांच्या लक्षात आलं, की जिंकलो तर काळोखी जाणार. मग राहणार कोण? माना डोलावणारे. माना डोलावणारे तर खुर्चीत रोज भेटतात. त्या भांडकुदळ रेफरीवर आपला जीव जडला आहे, हे कळून डॉक्टरांना भलतंच वाईट वाटलं आणि त्यांनी रुग्णाला कारण नसताना 'सॉरी' म्हटलं. (रुग्ण घाबरला.)

गेम आला तो रविवार होता. सकाळी बेल वाजली. कुरिअरवाल्याच्या हातात दोन सारखी खोकी होती.

"एक डॉक्टरांचं," तो म्हणाला, "आणि एक आईंचं. इथे सही."

डॉक्टरांनी दोन्ही खोक्यांवर 'धूसर कक्षा' वाचलं आणि शांतपणे विचार केला. कंपनीची चूक. किंवा आईंनी जावयाला भेट मागवली असणार. दोन्ही शक्यता भक्कम होत्या आणि डॉक्टरांचं समाधान होतही आलं होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. सासूबाईंनी हिरव्या स्टुलावरून पाय खाली घेतला, टॅब्लेटवर बोटाने टाइप करत अक्षर अक्षर मोठ्याने म्हणाल्या, "शिट्टी झाली, थांबा," आणि गॅस बंद करायला उठल्या.

डॉक्टरांच्या खिशातला फोन थरथरला. काळोखीचा संदेश होता.

डॉक्टरांची बुद्धी अशा वेळी फार वेगाने चाले. आई रेफरी होत्या, आणि ही गोष्ट बायकोने लग्नात आपल्यापासून लपवून ठेवली, एवढं त्यांनी क्षणात ताडलं. नीट उलगडा व्हायला त्या गुडघा धरत परत येईपर्यंतचा वेळ लागला.

"आई," ते म्हणाले, "काळोखी तुम्ही?"

सासूबाईंनी खोक्यांकडे पाहिलं, मग जावयाकडे. "म्हणजे अध्यक्ष तुम्ही? अगबाई. आणि मी समजत होते रस्त्याचा कंत्राटदार आहे कोणी."

"कंत्राटदार?"

"मग काय. सारखं आपलं पोकळी, पोखरलंय, खोल गेलंय, वेळीच भरलं नाही तर सगळं काढावं लागेल. दुसरं कोण लिहितं असं?"

बायको वह्या तपासत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. तुमच्या दोघांच्या स्क्रीनवर तीच बादली असते."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलंत का कोणी? आणि घरात इतकी शांतता पूर्वी कधी नव्हती."

दोन्ही खोकी टीपॉयवर ठेवण्यात आली. डॉक्टर एका बाजूला बसले, सासूबाई दुसऱ्या बाजूला. दोघांपैकी कोणीही कात्री मागितली नाही.

"उघडा की," सासूबाई म्हणाल्या.

"आधी तुम्ही. वडीलधाऱ्या आहात."

"उघडलं की एकाला जावं लागेल, जावईबापू. ठराव तुमचाच आहे." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "मला तुमच्याशी भांडायला आवडतं. इथे सगळे मला चहा विचारतात. माझं चुकतंय, असं तोंडावर कोणी म्हणत नाही. तुम्ही म्हणायचात, तिकडे."

डॉक्टरांनी आपलं खोकं बोटभर मागे सरकवलं. "तुमचं चुकतंच आहे, आई," ते म्हणाले. "बादली विसरलेली आहे."

"सरळ ठेवली आहे."

"विसरलेली वस्तू सरळ राहू शकत नाही का?"

"घरात बादली कोण सरळ करून ठेवतं, ते बघा एकदा."

आणि मग त्या चक्क हसल्या, डॉक्टरही हसले. बायकोने एका वहीवर चुकून जास्त गुण दिले.

दुपारी मंडळाची तातडीची सभा भरली. सूचक अध्यक्ष आणि अनुमोदक काळोखी, हा योग प्रथमच आल्याने सदस्य गोंधळले. सुधारित कलम पुढीलप्रमाणे मंजूर झालं: 'प्रत्यक्ष गेम खेळल्याने सदस्याची निःपक्षपाती दृष्टी नष्ट होते. सबब, जो सदस्य गेम खेळेल तो अभ्यासक न राहता केवळ साक्षीदार राहील, आणि साक्षीदारांना मतदानाचा हक्क नसेल.' ठरावाच्या विरोधात काही मतं पडली. विरोध करणाऱ्यांनी सकाळीच गेम खेळायला घेतला होता असं निष्पन्न झाल्यामुळे ती मतं बाद झाली. कोणाचा सिद्धांत खोटा ठरला हे आता मंडळाच्या नियमांत राहून कोणालाही कळू शकणार नाही. मंडळाचा कारभार इतका सुरळीत पूर्वी कधी चालला नव्हता.

दोन्ही खोकी न उघडता माळ्यावर गेली. हिरव्या स्टुलावर डॉक्टर चढले, स्टूल बायकोने धरलं आणि सूचना सासूबाईंनी दिल्या. तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर दोघं एकमेकांना अदबीने पाणी वाढतात, आणि मग आपापल्या खोलीत जाऊन एकमेकांची सालं काढतात. समोरासमोर हे जमत नाही. नातं आड येतं.

आता वाचकांबद्दल. बादली खरोखर कशासाठी होती, हे सांगितल्याशिवाय गोष्ट संपत आली म्हणून काही जण नाराज असतील. गेम दुकानात मिळतो, त्यांनी खेळून पाहावा. पण त्यांचं लक्ष आता बादलीवर नाही, याची आम्हाला कल्पना आहे. ते हिरवं स्टूल पहिल्यांदा आलं तेव्हाच त्यांनी मनात नोंद केली, दुसऱ्यांदा आलं तेव्हा खूणगाठ बांधली, आणि सासूबाईंच्या आयुष्यात त्या हिरव्या रंगाचं काय स्थान असावं, याबद्दल त्यांचा एक तर्कही तयार आहे. तर स्टूल हिरवं आहे, कारण दुकानात त्या दिवशी हिरवंच शिल्लक होतं. हे कारण ज्यांना पटलेलं नाही, त्यांच्यासाठी मंडळात अजून काही जागा रिकाम्या आहेत.