चाळिसावा तास

आमच्या वरच्या मजल्यावरचे चांदोरकर इडली नापास करतात.

म्हणजे खातात सगळी, पण आधी नापास करतात. बनशंकरीत आमच्या कोपऱ्यावर उभ्याउभ्या खायचं एक हॉटेल आहे. तिथं रोज सकाळी सात वाजता ते इडली बशीत उलटी करतात, मधोमध बोटानं दाबतात, बोट काढल्यावर ती किती वर येते ते बघतात आणि गल्ल्यावरच्या अण्णांना सांगतात, "आजचा लॉट रिजेक्ट." अण्णा कानडीत हो म्हणतात, "सरी सर," आणि चमचाभर चटणी जास्त वाढतात. दोघांपैकी कुणालाही यात काही चमत्कारिक वाटत नाही.

चांदोरकर चौतीस वर्षं एका सरकारी कारखान्यात तपासनीस होते. यंत्रांचे सुटे भाग यांच्या टेबलावर यायचे आणि हे मोजून 'मान्य' किंवा 'नामंजूर' लिहायचे. निवृत्त झाल्यावर टेबल गेलं, तपासणी राहिली. सोसायटीच्या गच्चीचा उतार, माझ्या डब्यांमधल्या पोळीचा घेर, गणपतीच्या आरतीचा वेग, सगळ्याला शेरा. मी घरून जेवणाचे डबे देते. एकदा त्यांनी माझ्या सहा पोळ्या पट्टीनं मोजल्या. मी म्हटलं, "काका, उरलेल्या चोवीस तुम्ही लाटा." तेव्हापासून पोळ्यांना सूट आहे.

लग्न त्यांनी केलं नाही. कारण विचारलं तर सांगतात, "तीन मुली पाहिल्या. तिघींनीही मला नापास केलं. निकाल योग्य होता."

अडुसष्टाव्या वर्षी या माणसानं बी.ए.ला नाव घातलं. त्यांच्याकडे डिप्लोमा होता, पदवी नव्हती. जवळच्या एका कॉलेजात संध्याकाळचे वर्ग भरतात. तिथं एक योजना होती. एक विषयसूत्र निवडायचं, त्यातले तीन पेपर द्यायचे आणि चाळीस तास प्रत्यक्ष अनुभव घ्यायचा. एवढं केलं की ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सगळ्या वर्षांच्या एकत्र गुणपत्रकावर, तुमच्या नावाखाली ठळक अक्षरांत एक जादा ओळ छापून मिळते.

या ओळीनं चांदोरकरांची झोप उडवली. "चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वस्तूंवर शेरे लिहिले," ते मला म्हणाले. "माझ्यावर कुणी एक ओळ लिहिलेली नाही."

सूत्रं तीन होती : पाणी, शहर आणि वार्धक्य. पाण्याच्या जागा भरल्या होत्या. शहराला सायकल चालवावी लागत होती. राहिलं वार्धक्य.

त्यात नियम असा की ज्येष्ठ व्यक्तींच्या सहवासात चाळीस तास काढायचे, रोज जास्तीत जास्त एक. चांदोरकरांनी ताबडतोब अर्ज केला : "मी स्वतः ज्येष्ठ असून गेली कित्येक वर्षं अहोरात्र माझ्याच सहवासात आहे. तरी सदर तास ग्राह्य धरावेत." कॉलेजच्या मॅडमनी कळवलं, ज्येष्ठ व्यक्ती दुसरी हवी. वर्गातल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना मात्र हा अडसर नव्हता. त्यातल्या सहाजणांनी आपले तास चांदोरकरांवरच काढले. ते कॅन्टीनमध्ये बसत आणि मुलं त्यांना लहानपणाबद्दल विचारत. दोघांना त्यांनी नापास केलं, कारण ती ऐकताना फोन बघत होती. "सहाजणांचं काम माझ्यावर झालं," ते कुरकुरले, "माझंच तेवढं होत नाही."

मग ते ज्येष्ठ शोधत हिंडले. बागेतल्या हास्यक्लबात चार दिवस गेले आणि चारही तास त्यांनी स्वतःच रद्द केले : "हसण्याचं कारण नोंदवता आलं नाही." येलहंक्याच्या एका वृद्धाश्रमात दोन बस बदलून गेले, तर तिथल्या व्यवस्थापकाला वाटलं, हे प्रवेशासाठी आलेत. त्यानं गादी दाबून दाखवली. चांदोरकर परतले ते धुमसत. "मला खोली दाखवली हो! पूर्वेकडची!" मग म्हणाले, "गादी मान्य होती."

शेवटी ते आमच्या दारात आले. त्यांचा डोळा माझ्या सासूबाईंवर होता.

आई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. मूळच्या बेळगावच्या, पन्नास वर्षं इथं आहेत, आणि कुणाला घाबरण्याची सवय त्यांना लागलेली नाही. मी विचार केला, चार ते पाच मला संध्याकाळच्या डब्यांची चिराचिरी असते. तेवढा वेळ आई दुसऱ्या कुणाला तरी सूचना देतील. मी होकार दिला आणि पर्यवेक्षक झाले. माझं काम रोजच्या तासाखाली सही करणं. वहीत कॉलेजनं सांगितलेले रकाने होते, शिवाय चांदोरकरांनी पदरचा एक वाढवला होता : 'निरीक्षकाचा शेरा'. निरीक्षकही तेच.

पहिल्या दिवशी ते प्रश्नावली घेऊन बसले. "अक्का, वार्धक्यात आपल्याला सर्वांत जास्त काय जाणवतं?"

"तुमचा आवाज," आई म्हणाल्या. "काय ओ इन्स्पेक्टर, मी बहिरी हाय म्हणून कुणी सांगितलं?"

त्यांनी ते लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी आईंनी प्रश्नावली उलटी करून तिच्यावर मेथी निवडायला घेतली. तिसऱ्या दिवशी त्यांनाही जुडी दिली. हे प्रत्येक दांडा डोळ्यांसमोर धरायचे. "हा लांब आहे. हा मान्य. हा नामंजूर." पाऊण तासात अर्धी जुडी झाली. आई म्हणाल्या, "तुमच्या कारखान्यात वर्षाला किती यंत्रं व्हायची ओ? दोन?"

तरी रोज चारच्या ठोक्याला ते हजर. स्वयंपाकघरात मला ऐकू यायचं. कधी पत्ते, कधी बेळगावचा बाजार, कधी आईंच्या गुडघ्याची तपशीलवार तपासणी ("डावा मान्य"). आईंना पत्त्यांत लबाडी करताना त्यांनी तीनदा पकडलं आणि तिन्ही तास रद्द केले. "त्यात शिकायला काहीच मिळालं नाही?" मी विचारलं. "मिळालं," ते म्हणाले, "पण ते दाखवण्यासारखं नाही."

असं नापास करत करत दोन महिन्यांत एकोणचाळीस तास मान्य झाले. राहिला एक. वह्या द्यायला आठवडा होता. मी मनातल्या मनात सुटले.

तो एक तास मात्र पुरा होईना. पहिल्या दिवशी वीज गेली. शेरा : "परिस्थिती प्रमाणित नव्हती." दुसऱ्या दिवशी आईंना भाचीचा फोन आला. तिसऱ्या दिवशी पन्नास मिनिटं झाली आणि आईंना झोप लागली. "ज्येष्ठ व्यक्ती निद्राधीन. तास नामंजूर." चौथ्या दिवशी पुन्हा पन्नास मिनिटांनी झोप. पाचव्या दिवशीही.

मी अठ्ठावीस वर्षं या घरात आहे. आईंना दुपारी झोपलेलं मी कधी पाहिलेलं नाही. त्यामुळे मलाही कधी झोपता आलेलं नाही.

सहाव्या दिवशी कॉलेजच्या मॅडमचा मला फोन आला. "मॅडम, सगळ्यांच्या वह्या आल्या. तुमच्या सरांची उद्या सकाळी अकरापर्यंत आली नाही तर ती ओळ छापणार नाही. त्यांना सांगा ना, एक तासच आहे, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि, थोडं जमवून घ्या. मी सांगितलं तर म्हणतात, अ‍ॅडजस्ट केलेलं बेअरिंग उन्हाळ्यात दगा देतं."

मी घड्याळ पाहिलं. पाचला दहा मिनिटं कमी. हात पुसून बाहेर गेले.

आई खुर्चीत झोपल्या होत्या. डोळे मिटलेले, मान कलती, तोंड उघडं. आणि बोटं वाल सोलत होती. साल एका वाटीत, दाणा दुसऱ्या वाटीत, एकही चूक नाही. समोर अर्ध्या मिलिमीटरची चूक हातभरावरून ओळखणारा माणूस बसला होता. तो ती बोटं बघत होता आणि लिहीत होता : "ज्येष्ठ व्यक्ती निद्रा..."

"काका, पेन ठेवा," मी म्हटलं. "उद्या अकरानंतर तुमची ओळ गेली. चाळीस लिहा, मी सही करते."

"नियमात बसत नाही. अक्का झोपल्यात."

"आई, डोळे उघडा."

"मी झोपलेय," आई म्हणाल्या.

मला हसू आलं आणि रागही आला. गॅसवर आमटी होती. "तुम्हाला ती ओळ हवी की नको?"

चांदोरकरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "हवी आहे. पण ओळ आली की काम संपलं."

"मग संपू दे."

"काम नसताना मी कुणाच्या घरी गेलेलो नाही," ते म्हणाले. तक्रार नव्हती. कारखान्याची वेळ सांगावी तसं सांगितलं. "कसं जायचं असतं, मला माहीत नाही."

आत आमटी उतू जाण्याच्या बेतात होती. मी म्हटलं, "दहा मिनिटं उरलीत. दोघं बसा जागे." आईंनी डोळे उघडले. पाच वाजता त्यांनी 'मान्य' लिहिलं, मी सही केली. 'काय शिकलात' हा रकाना त्यांनी कोरा ठेवला. मॅडमनी तसाच चालवून घेतला.

निकालानंतर ट्रान्सक्रिप्ट आलं. ओळ होती, ठळक होती. एका सकाळी दाराच्या कडीला तिची झेरॉक्स पिशवीत अडकवलेली मिळाली. 'माहितीसाठी' असं वर लिहिलं होतं. बेल वाजवली नव्हती.

पुढचे चार दिवस आई चार वाजता तोंड धुऊन, केस नीट करून दिवाणावर बसायच्या, दाराकडे तोंड करून. "वारा येतोय गं इकडनं," म्हणायच्या. तिकडून वारा येत नाही. तिकडे जिना आहे. मला वर जाऊन त्यांना हाताला धरून आणता आलं असतं. पण हे आपलं आपल्यालाच जमावं लागतं, असं मला वाटलं. शिवाय एका लग्नघरचे वीस डबे जास्तीचे होते.

पाचव्या दिवशी साडेचारला बेल वाजली. दारात चांदोरकर. इस्त्रीचा शर्ट, हातात काहीच नाही.

"काय काम काढलंत?" मी विचारलं. सवयीनं विचारलं, आणि विचारल्यावर वाटलं, हे नको होतं विचारायला.

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. कान लाल झाले.

"काम काही नाही," ते म्हणाले.

मी बाजूला झाले. त्यांनी चपला काढल्या आणि आत आले. पण काम नसलेल्या माणसानं कुठं बसायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून ते हॉलच्या मधोमध तसेच उभे राहिले. आई त्यांच्याकडे न बघता दिवाणावर थोड्या सरकल्या.