तलावात नसलेला मासा

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: माझ्या हातून गोंधळ होत नाही. रोज संध्याकाळी वर्तमानपत्राचं पान वेळेत सोडणारा माणूस आहे मी! सरकार पडो, पूल पडो, मजकूर ठरल्या वेळी जातो म्हणजे जातो. अशा माणसाला एका म्हाताऱ्याच्या गळाला एक मासा लावून देणं काय अवघड? मला तरी तसं वाटलं.

म्हातारा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडे राहतात. राहतात म्हणजे बसतात, खिडकीकडे पाठ करून, भिंतीकडे बघत. जेवायला हाक मारली की येतात, वाढलं तेवढं खातात आणि पुन्हा भिंत. रविवारी मात्र ते सरकारी तलावावर जातात. मत्स्य खात्याने लोकांना गळ टाकायला राखून ठेवलेला तलाव आहे तो. पूर्वी दोघं जायचे. हे गळ टाकायचे आणि सासूबाई शेजारी बसून त्यांच्या चुका काढायच्या. आता ते एकटे जातात आणि रिकाम्या हाताने परत येतात.

"ती काठावर बडबडायची तेव्हा मासे यायचे," एकदा म्हणाले. "आता तेही येत नाहीत."

मग एका संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, "या रविवारी शेवटचं जाणार. नंतर गळाच्या काठ्या कंपाउंडरला देऊन टाकीन." कंपाउंडर हा त्यांचा तलावावरचा जुना सोबती.

बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. "काठ्या गेल्या की बाबा कायमचे त्या भिंतीचे झाले. काहीतरी कर!"

"करतो. रविवारी बाबांना मासा लागेल."

"तू काय माशांना फोन करणार आहेस?"

मी फक्त हसलो. योजना तयार होती. शनिवारी मी शहराबाहेर मासे वाढवणाऱ्या एकाच्या टाकीवर गेलो आणि एक दणदणीत जिवंत मासा निवडला.

"हा तलावात असतो ना?" मी विचारलं.

"साहेब, मासा आहे. पाण्यात असतो."

एखाद्या वार्ताहराने असं उत्तर आणलं असतं तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. पण मला पान सोडायला ऑफिस गाठायचं होतं.

मासा न्हाणीघरातल्या बादलीत ठेवला आणि बायकोला सांगायचं विसरलो. सकाळी तिने अर्धवट झोपेत बादलीत तांब्या बुडवला. तांब्यात शेपटी! तिच्या किंकाळीने खालच्या मजल्यावरचे दिवे लागले. साबणाची वडी बादलीत, मासा फरशीवर, मी माशावर!

"काय झालं?" बाहेरून सासऱ्यांचा आवाज.

"झुरळ, बाबा!"

"मोठं दिसतंय," ते म्हणाले आणि चपला घालायला गेले.

तलावावर आभाळ भांडी विसळलेल्या पाण्यासारखं होतं. काठावर माणसं दवाखान्याबाहेर रिपोर्टची वाट पाहत असल्यासारखी गप्प बसलेली. सासऱ्यांनी गळ टाकला आणि ते रखवालदाराला परवाना दाखवायला त्याच्या खोलीकडे गेले. मी दोरी ओढून घेतली, ओल्या पोत्याखालची बादली उघडली आणि मासा उचलला. तो सुटला. धरला. पुन्हा सुटला आणि माझ्या कोटात शिरला! शेवटी जिथे जमलं तिथे गळ अडकवला आणि त्याला पाण्यात ढकलून दिलं.

सासरे परत आले तेव्हा दोरीवरचा तरंगणारा बुचाचा तुकडा वरातीतल्यासारखा नाचत होता.

"बाबा, हलतंय!"

"वारा आहे."

"बाबा, पानसुद्धा हलत नाहीये!"

त्यांनी नाइलाजाने काठी उचलली. मासा आला, पण आडवा, जिन्यावरून कपाट उतरवावं तसा. सासऱ्यांनी त्याचा गळ सोडवला. माशाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि एकदम ओरडले, "लागला! अरे कंपाउंडर, लागला!"

माझे डोळे भरून आले. इथे थांबलो असतो तर ही गोष्ट किती छान झाली असती!

पण मोठा मासा रखवालदाराकडून मोजून घ्यायचा आणि लहान परत सोडून द्यायचा, असा तिथला नियम आहे. तो टेप घेऊन आला. माशाकडे पाहून त्याने टेप खिशात ठेवली आणि फाटकावरच्या माशांच्या चित्रांच्या पाटीपर्यंत जाऊन परत आला.

"काका, हा आपला नाही."

"म्हणजे?"

"तलावातला नाही. बाहेरची जात आहे. दुसऱ्या माशांची पिल्लं खाते, रोग आणते. ही इथे सोडायला बंदी आहे."

त्याने बोलावलेले मत्स्य खात्याचे अधिकारी एका गालावर दाढीचा फेस घेऊनच आले. त्यांनी वाकून पाहिलं आणि सरळ होत म्हणाले, "तलाव बंद. सगळीकडे जाळं फिरवून खात्री होईपर्यंत कोणी गळ टाकायचा नाही."

काठावरची सगळी गप्प माणसं एकदम बोलायला लागली.

"दाखवायची हौस कोणी सांगितली होती?" कंपाउंडर खेकसला. "गुपचूप पिशवीत टाकायचा!"

"आमच्या रविवारची माती केली म्हाताऱ्याने!"

"बायको गेल्यापासून डोकं ठिकाणावर नाही त्याचं."

सासरे काठीची दोरी गुंडाळत खाली बघत राहिले, घरी भिंतीकडे बघतात तसेच. मला ते सहन होईना.

"मासा मी आणला!" मी ओरडलो.

अधिकाऱ्यांनी गालावरचा फेस पुसला. "किती सोडलेत?"

"एकच! तोही गळाला अडकवूनच."

"सगळे एकच म्हणतात."

"माझ्या बायकोला विचारा! तिने त्याला तांब्यात पाहिलंय!"

हे ऐकून त्यांचा माझ्यावरचा उरलासुरला विश्वासही गेला. "एक असो नाहीतर शंभर, जाळं सगळ्या तलावात फिरवावं लागणार. तुमच्यावर काय कारवाई करायची ते नंतर बघू. काम काय करता?"

"वर्तमानपत्रात आहे."

"बरं झालं. तलाव बंद असल्याची पाटी लावायला माणूस नाही माझ्याकडे. बातमी तुम्हीच लावा."

ती बातमी मी लिहिली आणि वेळेत दिली. 'एका इसमाने' असं मी लिहिलं होतं. संपादकांनी त्याचं 'एका जावयाने' केलं.

पण ते संध्याकाळी. दुपारी आम्ही घरी निघालो. सिग्नलला गाडी थांबली.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "गळ माशाच्या ओठाला लागतो. तुम्ही पाठीच्या पंखाला लावला होतात."

माझा पाय ब्रेकवर गोठला. "तुम्हाला कळलं होतं?"

"त्याला तुमच्या न्हाणीघरातल्या साबणाचा वास येत होता."

"मग आनंदाने ओरडलात कशाला?"

ते बाहेर बघत राहिले. "तुमचं तोंड बघवत नव्हतं. म्हटलं, नाहीतरी शेवटचा दिवस आहे, खूश झाल्यासारखं करू. पोरीला तरी शांत झोप लागेल."

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवला. मला गिअर सापडेना.

संध्याकाळी ते ठरल्याप्रमाणे काठ्या घेऊन कंपाउंडरकडे गेले आणि काठ्या घेऊनच परत आले. "तलावच बंद, तर मी काठ्यांना काय पडदे लावू?" असं म्हणून त्याने दार लावून घेतलं होतं. सगळ्या शहरात आता फुकटसुद्धा काठी घेणारा माणूस नाही.

त्यामुळे काठ्या आमच्याच दाराआड आहेत. तलाव कधी उघडेल ते खात्यालाही माहीत नाही. बायको म्हणते, बाबांनी खुर्ची फिरवून घेतली, बोलायलाही लागले, म्हणजे तुझा बेत साधला की! साधला खरा. फक्त ते माझ्याशीच बोलतात आणि विषय एकच असतो. मी ऑफिसातून आलो की ते मला खुर्चीसमोर बसवून गळ बांधायला शिकवतात आणि सासूबाईंच्या चालीवर चुका काढतात. काल गळ माझ्याच अंगठ्यात घुसला. मी बोंब ठोकली. त्यांनी चष्मा लावला, अंगठा उजेडात धरून उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "नियमात बसत नाही. लहान आहे. सोडून द्या."