सोफ्याच्या डोंगरावर चहा

बैठकीच्या खोलीत प्राध्यापकांनी अख्खा प्रांत मांडला होता. भिंतीपासून भिंतीपर्यंत कापड, त्यावर पातेल्यांच्या झाकणांची गावं आणि लोकरीचे व्यापारी रस्ते. सोफा म्हणजे डोंगराळ मुलूख, स्वयंपाकघराचं दार म्हणजे बंदर. अर्थशास्त्र त्यांचं, नदीनाले भूगोलाच्या सरांचे आणि झाकणं बायकोची. घरात दूध महिनाभर उघडंच तापत होतं.

तरी तिला नवऱ्याचं भारी कौतुक. नदीवर पूल नाही म्हणून माल कुठल्या गावाला वळसा घालून जातो हे सांगताना, पंगतीत आपलंच लेकरू उपाशी राहिल्यासारखे ते कळवळत. आज विद्यापीठाच्या समितीने नकाशा पाहून या कामाला होकार दिला की तिथे खोली मिळणार होती. त्यांचं काम मार्गी लागणार होतं आणि तिचं घर मोकळं होणार होतं.

समितीचे अध्यक्ष वेळेआधीच आले आणि पाहुण्याच्या सवयीने थेट सोफ्यावर जाऊन बसले. मागून आलेले दोन सदस्य बंदरालगतच्या खुर्च्यांवर टेकले.

"डोंगरात माणसं मूठभर," अध्यक्षांनी सुरुवात केली. "त्यांच्यासाठी पूल कशाला? माझं मत जुनंच आहे."

तेवढ्यात भूगोलाच्या सरांनी, ओणवे आणि पाठमोरे, नदीवर शेवटचा हात फिरवला. निळाशार ऑइलपेंट, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत!

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात आली आणि थबकली. "अहो, मी जाऊ कुठून?"

"थांब! नदी ओली आहे."

"मग एखादी फळी टाका की!"

"फळी कशी टाकू? खऱ्या नदीवर पूल नाही, तर माझ्या नकाशात कुठून येणार?"

बंदरावरच्या दोघांनी एकेक कप उचलला, मग दुसराही. "वाहवा वहिनी, काय चहा झालाय!"

डोंगरावर अध्यक्षांनी आवंढा गिळला. नदी वाहत नव्हती, पण आड आली होती.

भूगोलाच्या सरांना दया आली. त्यांनी बिस्किट भिरकावलं. "झेला, सर!"

"ही मदत झाली, व्यापार नव्हे," प्राध्यापक म्हणाले. "व्यापारात तिकडूनही काही यायला हवं."

"मी काय पाठवणार, कपाळ? इथे आहे काय?"

"तिथली माणसंही हेच म्हणतात, सर," प्राध्यापक हळूच बोलले.

इतकी वर्षं नवरा जे सांगत आला होता, ते बायकोला आज डोळ्यांनी दिसलं. ऊर भरून आला. पण पाहुणा तहानलेला ठेवणं काही तिला जमेना. तिने कपाटाची फळी उपसून आणली. "नकाशा तुमचा, पाहुणा माझा," म्हणत नदीवर आडवी टाकली.

अध्यक्ष तोल सावरत अलीकडे आले, गार चहा एका घोटात प्यायले आणि म्हणाले, "मंजूर."

बायकोने मनातल्या मनात सोफ्यापुढे टीपॉय मांडलासुद्धा.

"फक्त नकाशा इथून हलवू नका," अध्यक्ष पुढे म्हणाले. "विद्यापीठाच्या ऐसपैस खोलीत कोण अडकणार? मी एकेका मंत्र्याला इथेच आणून डोंगरावर बसवतो. आणि हो, शेजारचा प्रांतही जोडा."

प्राध्यापकांनी चोरट्या नजरेने झोपायच्या खोलीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

तिने पदर खोचला. "डोंगर उशांचे करायचे, की गाद्यांचे?"